मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं? दुकानात नेण्याआधी हे तपासा

सेवा केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत लॉपटॉपला मोठा मॉनिटर जोडलेला असतो. लाईट जाऊन आली की कधी कधी मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. फॉर्मची शेवटची तारीख असेल तर थांबू नका, लॉपटॉपच्याच स्क्रीनवर भरून घ्या. नंतर या क्रमाने बघा :

१) केबल : दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा. व्हीजीए असेल तर स्क्रू आवळा.

२) सोर्स : मॉनिटरच्या बटणावरून, केबल ज्या पोर्टला आहे तोच सोर्स निवडा.

३) वीज : मॉनिटरची पिन बोर्डातून काढा, दोन मिनिटांनी लावा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

४) सेटिंग : विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

५) ड्रायव्हर : विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. नाही जमलं तर काम सेव्ह करून लॉपटॉप रीस्टार्ट करा.

एवढं करूनही चित्र आलं नाही तर दुसरी केबल लावा. मग तोच मॉनिटर दुसऱ्या लॉपटॉपला जोडा. तिथं चालला तर मॉनिटर चांगला आहे, नवा घ्यायची गरज नाही. दोष लॉपटॉपच्या पोर्टात किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. दुरुस्तीला लॉपटॉप न्या.