बोरीच्या कोरड्या पात्रातून

वैशाख शुद्ध एकादशी, सन 1863. तुम्ही अमळनेरला बोरी नदीत उभे आहात आणि पायांखाली नुसती तापलेली वाळू आहे. याच वाळूवर संत सखाराम महाराजांची यात्रा भरली आहे. नदी आटते म्हणून तर यात्रेला एवढी जागा मिळते. रथ निघायला अवकाश आहे, तोवर जमलेल्या शेतकऱ्यांचं बोलणं ऐका. विषय एकच, कापसाचा भाव. अमेरिकेत 1861पासून यादवी पेटली आहे, तिकडचा कापूस अडला आहे आणि विलायतेच्या गिरण्या खान्देशाकडे डोळे लावून बसल्या आहेत. त्यामुळे दादर ज्वारीच्या काळ्या रानात कपाशी शिरते आहे. हाती रुपया खेळतो आहे, त्याच्या भरवशावर सावकाराच्या वहीत नवी नावं चढत आहेत. 1865 साली युद्ध संपेल आणि भाव कोसळेल. तुम्हाला ते ठाऊक आहे. सांगावंसं वाटेल, पण आज इथं ते कोणी ऐकणार नाही.

1916 सालात या. प्रताप मिलमध्ये खान्देशचा कापूस इथंच कातला-विणला जातो आहे आणि त्याच पैशातून गिरणीचे मालक प्रतापशेठ तत्त्वज्ञान मंदिर उभारत आहेत. कपाशीच्या गावात वेदान्ताचं संशोधन! मला ही अमळनेरची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटते. पुढं 1924मध्ये इथल्याच शाळेत साने गुरुजी शिकवायला येतील.

आता 1946. शेंगांनी भरलेल्या गाड्यांमागून चालत राहा, तेलाचा वास वाट दाखवेल. महंमद हाशम प्रेमजींनी 29 डिसेंबर 1945 रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. अमळनेरभोवती भुईमूग पिकतो, सुरत-जळगाव रेल्वे गावातून जाते. वनस्पती तूप करायला आणखी काय हवं? गावातली काही माणसं कंपनीचे शेअर घेतील. ज्यांनी ते कागद जपले, त्यांच्या घरात पुढं कोट्यवधी रुपये आले, कारण 1966 साली वडील गेल्यावर स्टॅनफर्ड सोडून परतलेल्या अझीम प्रेमजींनी याच कंपनीची विप्रो केली. शेंगा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र शेंगांचाच भाव मिळाला.

आजच्या मे महिन्यात, तापीकाठी पाडळशाला उतरा. नव्वदच्या दशकात मंजूर झालेलं इथलं निम्न तापी धरण अजून पुरं झालेलं नाही. पावसाळ्यात तापीचं पाणी समोरून गुजरातेत उकाईच्या धरणाकडे निघून जातं. या मातीनं गिरणी उभी केली, तेलाची कंपनी उभी केली, तिच्या वाट्याचं पाणी देणं मात्र प्रत्येक सरकारला पुढं ढकलता आलं. मला याचा राग येतो.

बांधावरचा म्हातारा तुम्हाला अहिराणीत विचारेल, "तुमनाकडे पानी शे का?" त्याच्या विहिरीनं तळ गाठला आहे. शेजारच्याला पाणी आहे, त्यानं ठिबकवर मे अखेरीची कपाशी लावायला घेतली. बाकीचे मृगाची वाट बघत बियाण्याच्या पाकिटांचे भाव विचारत हिंडत आहेत.