पुरी, घारापुरी आणि दोन हत्ती

ऐहोळेच्या टेकडीवरच्या मेगुती मंदिराच्या भिंतीत एक शिलालेख आहे. शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४ चा. रविकीर्ती या जैन कवीने त्यात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचे पराक्रम सांगितले आहेत. कोकणच्या मौर्यांना बुडवल्याचे सांगून कवी पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या ‘पुरी’ नावाच्या नगरीवर येतो. पुलकेशीने ती शेकडो नौकांनी घेरली, आणि कवीला त्या नौका कशा दिसल्या? मदमस्त हत्तींच्या कळपासारख्या.

पुढे नऊशे वर्षांनी पोर्तुगीज मुंबईच्या खाडीत आले. १५३४ मध्ये वसईचा मुलूख त्यांच्या हाती पडला आणि त्याबरोबर त्या खाडीतले घारापुरीचे बेटही. धक्क्यापासून थोड्या अंतरावर दगडी हत्ती उभा होता. नाविकांना खूण म्हणून एवढे पुरे झाले. बेटाला ‘हत्तीचे बेट’ म्हणू लागले आणि त्याचेच पुढे इंग्रजांनी एलिफंटा केले. युनेस्कोने १९८७ मध्ये बेटावरची लेणी जागतिक वारशात घेतली तीही याच नावाने. हत्तीचे नाव लागले ते असे, आणि त्यात वाद नाही. रविकीर्तीचे हत्ती आणि पोर्तुगिजांचा हत्ती यांचा काही संबंध जोडण्याचा मोह कोणालाही होईल. पण तो मोहच. संस्कृत कवीला मोठे, काळे, डोलणारे काही दिसले की हत्ती आठवायचाच.

खरा पेच आहे तो ‘घारापुरी’त.

‘घारापुरी म्हणजे गुहांचे शहर’ असे माहितीफलकी उत्तर सर्रास मिळते. मराठीत घारा म्हणजे गुहा हे मात्र कोणी दाखवत नाही. कोणी घारींचा थवा दाखवतो, कोणी गढीचे गाव म्हणतो. दोन व्युत्पत्ती त्यातल्या त्यात वजनदार आहेत. एक, ‘घारी’ म्हणजे शिवाची पूजा करणारे गुरव, त्यांची ती पुरी. दुसरी, अग्रहारपुरी. ब्राह्मणांना दान दिलेले गाव ते अग्रहार. प्राकृतात त्याचे अग्गहार होते. सुरुवातीचा ‘अ’ गळणे मराठीला नवे नाही: अरण्याचे रान झाले, अरघट्टाचा रहाट. मग ‘ग’ आणि ‘ह’ मिळून ‘घ’ व्हायला कितीसा वेळ? कागदावर ही वाट सुरेख उतरते. अडचण एकच, ती वाट कोणी चालल्याचा पुरावा नाही.

आणि मध्ये गार्सिया द ओर्ता येऊन उभा राहतो. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच १५६३ मध्ये छापला गेला. त्यात बोलता बोलता तो या बेटावर येतो आणि सांगतो की बेटाचे नाव ‘पोरी’, आम्ही त्याला हत्तीचे बेट म्हणतो. पुढे डच प्रवासी लिन्सखोटेनही ‘पोरी’च लिहितो. पोरी म्हणजे पुरी, हे सांगायला भाषाशास्त्री लागत नाही. पण ‘घारा’ कुठे आहे? सोळाव्या शतकात लोक नुसते पुरी म्हणत असतील, तर घारा हे मागाहून चिकटलेले शेपूट म्हणावे लागेल. शेपूट पुढच्या बाजूला, एवढाच फरक.

या तर्काला भाषेचाही आधार आहे. संस्कृत शब्दाच्या पोटात स्वरांमध्ये सापडलेला ‘प’ मराठीपर्यंत येताना सहसा टिकत नाही. कपाटाचे कवाड झाले, दीपाचा दिवा, तापाचा ताव. घारापुरी हा एकसंध जुना शब्द असता, तर तोही एव्हाना झिजून घारोरीसारखा काही झाला असता. ‘प’ शाबूत आहे, कारण पुरी हा शब्द स्वतंत्र होता आणि ‘प’ त्याच्या तोंडाशी सुरक्षित होता. विरोधक लगेच राजपुरी पुढे करतील: तिथेही प टिकला आहे. खरे आहे. पोथी-पुराणातल्या वापराने अशी नावे पुन्हा घासूनपुसून चकचकीत होतात. तेव्हा हा पुरावा एकट्याने निकाल देणार नाही, ओर्ताच्या साक्षीला दुजोरा देईल इतकेच.

राजपुरीचे नाव निघालेच आहे तर तोही दावा ऐकायला हवा. मौर्यांची आणि पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांची ‘पुरी’ म्हणजे मुरूड-जंजिऱ्याजवळची राजपुरी, असे काही इतिहासकार मानतात. एवढ्याशा बेटावर राजधानी मावायची कशी, हा त्यांचा सवाल रास्त आहे. पण बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत, बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, आणि राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर ही तीन वस्त्यांची नावे अजून बंदराचीच आठवण देतात. समुद्रावरची सत्ता नौकांवर चालते. तिला पसरट मैदान लागतेच असे नाही. शिवाय ज्या जागेला लोक १५६३ मध्येही नुसते ‘पुरी’ म्हणत होते, तिचा हक्क पहिला.

मूळ हत्तीचे पुढे हाल झाले. त्याच्या पाठीवर एक लहान प्राणी कोरलेला होता. तो हत्तीचे पिल्लू की वाघ, यावर पाहुण्यांचे एकमत होईना. १८१४ मध्ये हत्तीचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये त्याचे तुकडे भायखळ्याला आले, १९१४ मध्ये ते जोडले गेले. आज तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. बेटावर हत्तीचे नाव उरले, हत्ती नाही. अपवाद लेण्यातल्या शिल्पांचा. अंधकासुरवधाच्या शिल्पात शिवाने उचललेल्या गजचर्मात एक हत्ती अजून दिसतो.

नावाचा निकाल लावू शकणारा एक दगड मात्र होता. लेण्यात एक शिलालेख होता, तो पोर्तुगिजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला, असे दियोगु दु कौतु या त्यांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तिकडे तो कोणालाच वाचता आला नाही, आणि पुढे दगडही हरवला.