बंडीच्या खिशातला ध्वनिमुद्रक

लहान मुलाच्या अंगावर मोजमापाचे यंत्र बांधण्याची सुरुवात मनगटी घड्याळापासून झाली. हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात फेरफार करून शुल्मन आणि राइसमन या अमेरिकी संशोधकांनी १९५९ साली ‘ॲक्टोमीटर’ तयार केला. त्याचे काटे वेळेऐवजी हालचाल दाखवत. मुलाच्या मनगटावर तो बांधायचा आणि काही वेळाने काटे किती सरकले ते वाचायचे. एखादे मूल फार चंचल आहे, हे तोवर मोठ्या माणसांच्या मतावरून ठरत असे. आता त्याला एक आकडा मिळाला. पुढे हीच पद्धत तान्ह्या बाळांसाठी आणि बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठीही वापरली गेली.

मुलांचे बोलणे टिपणे याहून अवघड होते. निरीक्षक घरात येऊन बसला की आईवडील सावरून बोलू लागतात. गॉर्डन वेल्स यांनी १९७०च्या दशकात इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात यावर मार्ग काढला. १२८ मुलांच्या या अभ्यासात मुलाच्या अंगावर एक हलका पट्टा चढवलेला असे आणि त्यात बिनतारी मायक्रोफोन असे. टेपरेकॉर्डर घरात एका बाजूला ठेवलेला असे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात तो आपोआप २४ वेळा, दर वेळी ९० सेकंद सुरू होई. नेमका कधी, हे घरच्यांना कळत नसे. संध्याकाळी संशोधक येऊन ती फीत आईला ऐकवत आणि त्या त्या क्षणी काय चालले होते, असे विचारत. यंत्राने आवाज टिपायचा आणि त्याचा अर्थ आईने सांगायचा, ही विभागणी फार शहाणपणाची होती. पुढच्या स्वयंचलित साधनांनी हा दुसरा भाग जवळजवळ गमावला. वर्गभेदामुळे घरच्या बोलण्यात मोठी तफावत पडते, या समजाला वेल्स यांच्या नोंदींनी फारसा आधार दिला नाही. उलट यातली काही मुले शाळेत गेल्यावर दिसले, की मोठ्यांशी बोलण्याची संधी त्यांना घरापेक्षा शाळेत कमी मिळते.

बालविकास कार्यक्रमांवर मात्र प्रभाव पडला तो वेगळ्याच अभ्यासाचा. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी कॅन्सस सिटीतील ४२ कुटुंबांत दरमहा एक तास निरीक्षक पाठवून नोंदी केल्या. त्यांचे पुस्तक १९९५ साली आले. सुशिक्षित व्यावसायिकांच्या घरी मुलाच्या कानावर तासाला सरासरी २१५३ शब्द पडत होते, तर सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांत ६१६. त्यावरून चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्दांची तफावत पडते, असा हिशेब मांडला गेला. मदतीवर जगणारी कुटुंबे या अभ्यासात फक्त सहा होती. एवढ्या लहान पायावर किती मोठी इमारत उभी राहिली, हे लक्षात ठेवायला हवे.

ते पुस्तक वाचून टेरन्स आणि जुडिथ पॉल या दांपत्याने ‘लीना’ हे साधन विकसित करवून घेतले. बाळाच्या बंडीच्या पुढच्या खिशात मावणारा हा छोटा ध्वनिमुद्रक सोळा तास आवाज टिपतो. नंतर संगणक त्या आवाजाची वाटणी करतो: हे बाळ, ही बाई, हा पुरुष, हे दुसरे मूल, हा टीव्ही, हा नुसता गोंगाट. तो एकही शब्द ओळखत नाही. आवाजाच्या गुणधर्मांवरून शब्दांच्या संख्येचा अंदाज बांधतो. बाळ बोलले आणि पाच सेकंदांच्या आत मोठ्या माणसाने उत्तर दिले, किंवा याच्या उलट झाले, तर ती बोलण्याची एक देवघेव धरली जाते. घरात अनेक माणसे एकाच वेळी बोलत असली, तर ही गणना चुकण्याचा संभव वाढतो. मुळात ही यंत्रणा अमेरिकी इंग्रजीवर बेतलेली आहे.

संशोधनाचे हे साधन लवकरच कार्यक्रमाचेही साधन झाले. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहराने २०१३ साली ब्लूमबर्ग फिलान्थ्रोपीज संस्थेच्या स्पर्धेत ५० लाख डॉलरचे बक्षीस जिंकून ‘प्रॉव्हिडन्स टॉक्स’ सुरू केले. बाळाने दिवसभर बंडी घालायची. मग कार्यकर्ती घरी येऊन पालकांना आलेख दाखवणार आणि कोणत्या वेळी बोलणे वाढवता येईल ते सुचवणार. गरीब घरांत दिवसभर ध्वनिमुद्रण करण्यावर नागरी हक्क संघटनेने रास्त चिंता व्यक्त केली. मोजणी झाल्यावर मूळ ध्वनी पुसून टाकला जाईल, अशी सोय त्यामुळेच महत्त्वाची ठरते.

अमेरिकेबाहेर बंडीने दाखवलेले चित्र वेगळे निघाले. मेक्सिकोतील एका त्सेल्ताल माया गावात मारिसा कासियास आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांखालील दहा मुलांना ध्वनिमुद्रक आणि छोटा कॅमेरा असलेली बंडी घातली. २०२०च्या त्यांच्या लेखानुसार या मुलांना उद्देशून होणारे बोलणे तासाला चार मिनिटांहूनही कमी भरले. तरीही त्यांच्या बोलण्याचे टप्पे इतर समाजांतील मुलांप्रमाणेच वेळेवर येत होते.

एलिका बर्गेलसन आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली १२ देशांतील १००१ मुलांच्या चाळीस हजारांहून अधिक तासांच्या नोंदी एकत्र केल्या. ज्यांच्या कानावर मोठ्यांचे बोलणे अधिक पडते ती मुले अधिक आवाज काढतात, हे त्यात स्पष्ट दिसले. मात्र आईच्या शिक्षणाचा मुलाच्या बोलण्याच्या प्रमाणाशी संबंध आढळला नाही. या नोंदीही आवाजाच्या प्रमाणाच्या आहेत. शब्दसंग्रह किंवा व्याकरण त्यातून कळत नाही. तरीही गरीब आई कमी बोलते, असे गृहीत धरून तिच्या दारात आलेख घेऊन जाणाऱ्या कार्यक्रमांना या निष्कर्षाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.