होडीचा कागद आणि पाटीतलं म्हावरं

आम्ही चंदनसारच्या बचत गटातल्या बायका. विरार पूर्वेला, रेल्वेच्या ह्या बाजूला राहतो. आमच्या इथून समुद्र दिसत नाही. पण आमच्या गटात अर्नाळ्याच्या माहेरवाशिणी आहेत, वसईच्या पाचूबंदरला नातं असलेल्या आहेत आणि पहाटे उठून बंदरावरून म्हावरं आणून रस्त्याच्या कडेला पाटी मांडणाऱ्या ताईही आहेत. त्यामुळे समुद्रावर काही बदललं की महिन्याच्या बैठकीत ते कळतंच. कधी हप्ता थकतो, कधी कर्जाची मागणी वाढते.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या एका ताईंच्या घरची होडी त्या वादळात फुटली. पंचनामा झाला, फोटो निघाले. पण होडीची नोंदणी सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. वारसाची नोंद कोणी केली नव्हती. मासेमारीच्या परवान्याची मुदतही संपलेली. मदतीच्या यादीत त्या घराचं नाव आलं नाही. जाळं घ्यायला पैसे गटानेच कर्जाने दिले. ताई बैठकीत म्हणाल्या की होडी फुटलेली सगळ्या गावाने पाहिली, मग ती आमची हे कागदाशिवाय कोणाला पटत का नाही?

तेव्हा आम्ही ठरवलं, हा कागद आला कुठून आणि कसा बदलत गेला, हे एकदा नीट समजून घ्यायचं. जुन्या जाणत्या बायकांशी बोललो, वाचलं, विचारलं. आज तेच तुम्हाला सांगतो.

आपल्या वसईला होडीचा कागद नवा नाही. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्या तहात गलबतांबद्दलही अटी होत्या. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनी वसईहून निघायचं, परत येताना वसईलाच येऊन जकात भरायची. बाकी ठिकाणी जाणाऱ्यांनीही पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय निघायचं नाही. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. कार्ताझ नसलेलं गलबत समुद्रात सापडलं तर माल जप्त. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही आपला दस्तक चालवला. दस्तक म्हणजे त्यांच्या शिक्क्याचा परवाना. 1737 मध्ये अर्नाळा आणि 1739 मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला. राज्य बदललं, तरी समुद्रावर ज्याची सत्ता त्याचा कागद, ही रीत राहिली.

हे सगळं मात्र व्यापाराच्या गलबतांचं. म्हावरं धरणाऱ्या होडीला नियम होते ते गावाचे. मांगेला, वैती, ख्रिस्ती कोळी अशा आपल्या सगळ्या समाजांत ते तोंडी चालत आले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मगच होडी पाण्यात लोटायची. डोलजाळं लावायला समुद्रात खुंट मारतात, त्याला कव म्हणतात. कोणाची कव कुठे, हे गावागावांत ठरलेलं असे. लिहिलेलं काही नव्हतं, पण मोडणाऱ्याला गाव जाब विचारत असे. जाळी लांब पाण्यात जाऊ लागल्यावर मात्र हे तोंडी ठरलेलं पुरेनासं झालं. वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यातला कवींचा वाद कित्येक वर्षं चालू आहे, हे आपण ऐकतोच.

सरकारचा मासेमारीवरचा जुना कायदा इंग्रजांच्या काळातला, 1897 सालचा. त्यात मुख्य बंदी होती ती पाण्यात स्फोट करून किंवा विष कालवून मासे मारण्यावर. होडी कोणाची, जाळं कोणतं, याचा फार विचार त्यात नव्हता. तेव्हा शिडाची आणि वल्ह्याची होडी होती. ती जाऊन जाऊन किती लांब जाणार आणि किती आणणार?

स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिन आलं. सरकारने कर्ज दिलं, अनुदान दिलं. पुढे ट्रॉलर आले. कोळंबीला परदेशात भाव होता आणि ट्रॉलरचं जाळं तळ खरवडून सगळंच उचलत असे. त्यात अंड्यांवरची मासळी जाई, पिल्लं जात, आणि लहान मच्छीमारांची लावलेली जाळीही तुटत. 1970 नंतरच्या काळात गोव्यात, केरळात आणि आपल्याकडे यावरून संघर्ष झाले. त्यातूनच राज्यांनी आपापले सागरी कायदे केले. केरळ आणि गोव्याने 1980 मध्ये कायदा केला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा, तो 1982 पासून लागू झाला.

हा कायदा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत चालतो. म्हणजे साधारण 22 किलोमीटर. त्यापुढचा समुद्र केंद्राचा. लहान मच्छीमाराचं हित जपणं, मासळीचा साठा टिकवणं आणि समुद्रावर शांतता राखणं, हे या कायद्याचे हेतू. कोणत्या भागात कोणत्या जाळ्याने, कोणत्या महिन्यात मासेमारी करायची, हे ठरवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. पावसाळी बंदी आता 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस असते, ती याच कायद्याखाली. बिगरयांत्रिक होड्यांना त्यातून सूट आहे. आपल्या आजीने नारळी पौर्णिमेपर्यंत जे पाळलं, तेच कायद्याने तारखा घालून लिहिलं. फरक एवढाच की नारळी पौर्णिमा बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये येते आणि कायद्याची बंदी त्याआधीच उठते. पुष्कळ जुने मच्छीमार अजून म्हणतात की बंदी पौर्णिमेपर्यंत हवी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण आमचीही आधी हीच चूक होत होती. नोंदणी आणि परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. नोंदणी सांगते की होडी कोणाची. परवाना सांगतो की तिने कोणत्या जाळ्याने मासेमारी करायची. एक आहे म्हणून दुसरा आहे असं समजू नका. मच्छीमार संस्थेमार्फत मिळणारा डिझेलवरचा कराचा परतावा असो, वादळानंतरची मदत असो, दोन्ही कागद चालू असले तरच पुढची गाडी चालते.

26 नोव्हेंबर 2008 नंतर या कागदाला वेगळंच वजन आलं. अतिरेक्यांनी समुद्रात कुबेर नावाची गुजरातची मासेमारी बोट पळवली आणि ते मुंबईच्या किनाऱ्याला लागले. त्यानंतर देशभरातल्या मासेमारी बोटींची नोंदणी एका पद्धतीने, संगणकावर होऊ लागली. बोटीवर राज्याचं अक्षर असलेला नंबर आला, राज्याचा ठरलेला रंग आला, खलाशांना बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्रं मिळाली. ज्या घरांत नोंदणीचा जुना कागद ट्रंकेत घडी घालून ठेवला होता, त्यांना तो पहिल्यांदा बाहेर काढावा लागला. कुठे आजोबांचं नाव, कुठे विकून टाकलेल्या होडीचा नंबर. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणून जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे. जुनी चूक अशी एकेक बाहेर आली.

मग प्रश्न आला पर्ससीन जाळ्याचा. हे जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि खालून आवळतं. 2016 च्या फेब्रुवारीत सरकारने त्यावर बंधनं घातली. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढ्याच काळात मुभा, आणि परवाने कमी करत 182 वर आणायचे असं ठरलं. पण नियम कागदावर आला तरी दंड 1981 च्या काळातला होता. मोठ्या बोटीला तो एका फेरीत भरून काढता येई. म्हणून 2021 मध्ये कायदाच दुरुस्त झाला. आधी अशी प्रकरणं तहसीलदारांकडे जात, आता ती मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आली. विनापरवाना मासेमारीला 5 लाखांपर्यंत दंड. बेकायदा पर्ससीनला 1 ते 6 लाख. एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडली तर 5 ते 20 लाख.

हे दंड ऐकून आमच्या बैठकीत दोन बाजू पडल्या. काही जणी म्हणाल्या, बरं झालं, मोठे लोक समुद्र साफ करून नेतात. दुसऱ्या म्हणाल्या, मोठा माणूस वकील आणेल, आमच्या परवान्याची मुदत दोन महिने चुकली तर आम्ही कुठून भरायचं? दोन्ही बोलणी खरी आहेत. ज्याचा कागद नीट आहे त्याला हा कायदा ढाल आहे. ज्याचा नाही त्याला त्याची भीती आहे.

2023 मध्ये दोन गोष्टी झाल्या. पापलेट, ज्याला आपण सरंगाही म्हणतो, तो महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. पालघरच्या सातपाटीचं नावच पापलेटसाठी आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्याला त्याचा आनंद. आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबी सरकारने ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट साडेतेरा सेंटिमीटर, बोंबील 18 सेंटिमीटर, सुरमई 37 सेंटिमीटर. कारण साधं आहे. एकदा तरी अंडी घालू द्या, मग पकडा.

हा नियम थेट आपल्या पाटीत येतो, मैत्रिणींनो. बारकी पापलेटं बंदरावर स्वस्त मिळतात आणि गिऱ्हाईकही पटकन घेतं. आमच्या ताई सांगतात की पूर्वी अशी पिल्लं विकली, त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. आता मोठं पापलेट विकत घ्यायलाच भांडवल पुरत नाही, इतकं ते दुर्मीळ आणि महाग झालं. आज पिल्लू विकलं तर पुढच्या वर्षीची पाटी आपणच रिकामी केली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कार्ताझपासून 2021 पर्यंत सगळे कागद पाहिले, तर त्यांत गलबत आहे, बोट आहे, जाळं आहे, मालक आहे, खलाशी आहे. मासळी किनाऱ्याला लागल्यावर ती निवडणारी, वलांडीवर बोंबील वाळवणारी, डोक्यावरून बाजारात नेणारी बाई त्यांत कुठे आहे? घरात पैसा तिच्या हातून येतो. पण होडी नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर आणि मच्छीमार संस्थेचं सभासदत्वही बहुतेक त्यांचंच. कायदा होडीभोवती फिरला आणि बाई किनाऱ्यावर राहिली.

अलीकडे मात्र काही दारं उघडली आहेत. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर मासळी विकणारी बाईही येते. महापालिकेने सर्वेक्षण करून तिला प्रमाणपत्र द्यायचं असतं. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळू शकतं. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांच्या प्रकल्पाला 60 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला 40 टक्के. 2024 पासून केंद्राच्या मत्स्यव्यवसायाच्या ऑनलाइन नोंदणीत मासळी विकणाऱ्यांनाही नाव घालता येतं. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 12 मैलांपुढच्या समुद्रासाठी नवे नियम आणले. यांत्रिक बोटींना तिथे जायला ऑनलाइन पास लागेल, बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे. म्हणजे पास पुन्हा आला. पोर्तुगीजांचा पास जकातीसाठी होता. हा मासळी टिकवण्यासाठी आहे असं सांगतात. तसा तो राबतो की नाही, हे आपणच बघायचं.

तौक्तेनंतर आम्ही गटात एक वही केली. ज्या घरची होडी आहे, तिथे चार गोष्टी विचारून लिहितो. नोंदणी कोणाच्या नावावर आहे? ती व्यक्ती हयात आहे का? परवान्याची मुदत कधी संपते? विम्यात खलाशांची नावं आहेत का? आणि मासळी विकणाऱ्या प्रत्येक ताईला विचारतो, तुमच्या स्वतःच्या नावाचा धंद्याचा एक तरी कागद आहे का? सुरुवातीला बहुतेकींचं उत्तर नाही असंच होतं. मुदत संपायच्या दोन महिने आधी त्या घरी आठवण करतो. सगळी कामं होतात असं नाही. खेपा पडतात, संगणक बंद असतो, आधारवरचं नाव जुळत नाही. पण होडी फुटायच्या आधी मारलेली खेप ही फुटल्यानंतर मारलेल्या दहा खेपांपेक्षा बरी.

ज्या ताईंची होडी फुटली, त्यांच्या घरी आता वारसाची नोंद झाली आहे. नवऱ्याबरोबर आपलंही नाव लागावं म्हणून त्यांनी हट्ट धरला. दोन्ही नावं लागली. त्या दिवशी बैठकीत त्यांनी सगळ्यांना पेढे दिले आणि कागदाची झेरॉक्स गटाच्या वहीत चिकटवली.

तुमच्या गावात समुद्र असो, खाडी असो की तलाव, येत्या बैठकीत घरातला तो घडी घातलेला कागद घेऊन या. एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवा. नाव कोणाचं आहे ते बघा. आमचं बोलणं इथे संपवतो.