रायगडने कोळसा कितीदा सोडला?

मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने ते पाइप पाहिलेले असतात. खोपोली जवळ आली की डोंगराच्या अंगावरून थेट खाली उतरणारे जाडजूड पाइप. लहानपणी मला वाटायचं, ते मुंबईला पाणी नेतात. ते वीज बनवतात हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आणि ते कोळशाला पर्याय म्हणून आले होते, तेही शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, हे कळायला मामाचा एक प्रश्न लागला.

परवाच्या रविवारी आजोळी गेलो होतो. आजोळ अलिबाग तालुक्यात, खारेपाटात. मामाने घरावर सोलर बसवलंय. सरकारची घरगुती सोलरची योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, तिचं अनुदान घेऊन. मी अर्थातच गच्चीवर जाऊन इन्व्हर्टर, मीटर वगैरे सगळं बघून आलो आणि खाली येऊन लेक्चर सुरू केलं. कार्बन, हवामान, कोळशाचं भवितव्य, इत्यादी इत्यादी. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसाचं ठीक आहे रे. रात्री काय? रात्रीला तुझा तो कोळसाच ना?"

प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं अर्धं उत्तर याच जिल्ह्यात आहे हे शोधता शोधता मी बराच मागे गेलो. रायगडने (तेव्हाचा कुलाबा जिल्हा, १९८१ मध्ये नाव बदललं) कोळशाला एकदा नाही, तीनदा नकार दिलाय. ही त्या तीन नकारांची गोष्ट.

पहिला नकार पाण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत. कोळसा यायचा लांबून, बंगालच्या खाणींतून, नाहीतर बोटीने परदेशातून. महाग, बेभरवशाचा, वर शहरभर धूर. जमशेटजी टाटांच्या डोक्यात कल्पना होती की सह्याद्रीवर जो धो धो पाऊस पडतो तो अडवायचा आणि कोकणात सोडायचा. ते १९०४ मध्ये गेले. पुढे १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा अशी तीन धरणं बांधली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनच्या हस्ते खोपोलीचं केंद्र सुरू झालं. त्यानंतर १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरी, आणि १९२७ मध्ये माणगाव तालुक्यातलं भिरा. तिन्ही केंद्रं घाटाच्या पायथ्याशी, म्हणजे आपल्याकडे. तलाव मात्र घाटावर, मावळ-मुळशीत.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी थोडं गणित. (ज्यांना आवडत नाहीत त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल :-) )

हजार लिटर पाणी पाचशे मीटर उंचीवरून खाली आलं की त्यातून साधारण सव्वा युनिट वीज मिळते. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या दहा हजार लिटरच्या टँकरमधून बारा युनिट! पाच-सहा किलोमीटर रुंदीचा घाट उतरताना एवढी उंची सलग मिळणं ही निसर्गाची मेहेरबानीच. आता, घाटावरचं हे पाणी मुळात पूर्वेला भीमेत आणि तिथून कृष्णेत जाणारं. ते उलटं पश्चिमेला वळवलंय. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर मर्यादा घातली आहे, ती सरासरी वर्षाला ४२ टीएमसीच्या आसपास पडते. ४२ टीएमसी म्हणजे ११९ कोटी घनमीटर. सव्वा युनिटने गुणा, साधारण दीडशे कोटी युनिट येतात. आपल्याकडच्या कोळशावर एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दर वर्षी नऊ-दहा लाख टन कोळसा जळायचा वाचतो. हे माझं कच्चं गणित आहे, पण अंदाज यायला पुरे.

आणि पाणी वीज देऊन संपत नाही, हे आणखी एक. भिऱ्याहून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. त्यावर रोह्याकडची शेती, धाटावचे कारखाने आणि कोलाडचं राफ्टिंग. हो, ज्या राफ्टिंगला आपण ऑफिसची ट्रिप घेऊन जातो ना, ते सकाळी भिऱ्याला जनित्रं फिरली की सुरू होतं! मग ते पाणी रेवदंड्याला समुद्राला मिळतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे येतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की काय सुंदर गोष्ट आहे. धूर नाही, राख नाही, पाणीसुद्धा परत वापरायला मिळतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण गोष्टीचा दुसरा भाग घाटावर घडला.

भिऱ्याला वीज हवी म्हणून मुळा-निळा नद्यांच्या संगमावर मुळशीला धरण बांधायचं ठरलं. खोऱ्यातली पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती. जमीन सरकारने भूसंपादन कायद्याखाली कंपनीसाठी घ्यायची. लोकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट यांनी नेतृत्व केलं आणि याच लढ्याने ते 'सेनापती' झाले. जगातला धरणाविरुद्धचा पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक आता त्याचा उल्लेख करतात. लढा तीनेक वर्षं चालला. बायका-पोरं तुरुंगात गेली. पण आतून फूटही पडली. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्या पुण्याच्या सावकारांना चांगली भरपाई मिळाली की पुरे होतं. जे ती जमीन कसत होते त्यांना भरपाईत काय मिळणार? शेवटी बापटांनी रेल्वे अडवून हत्यार उचललं, सात वर्षांची शिक्षा भोगली, आणि धरण झालंच.

म्हणजे काय झालं बघा. कोळशाच्या हिशोबात धूर धरला गेला, कारण तो मुंबईत दिसत होता. पाण्याच्या हिशोबात गावं धरलीच गेली नाहीत, कारण ती मुंबईतून दिसत नव्हती.

बरं, एवढं करून कोळसा गेला का? नाही! मुंबई वाढत गेली, मागणी वाढत गेली, आणि १९५६ मध्ये त्याच कंपनीला ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र सुरू करावं लागलं. तिथे आजही कोळसा जळतो. आमच्या क्षेत्रात मायग्रेशन म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर जाणं. कोणीही अनुभवी माणूस सांगेल, की नवी सिस्टिम चालू करणं हे अर्धंच काम. जुना सर्व्हर बंद होईपर्यंत मायग्रेशन झालं असं म्हणायचं नाही. कोळशाचा सर्व्हर कोणी बंद केलाच नाही, शेजारी नवा लावला फक्त.

दुसरा नकार गॅसचा. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' जहाजाला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं. समुद्राखालच्या पाइपमधून तेल आणि गॅस उरणला येऊ लागला. १९८२ पासून वीज मंडळाने उरणला गॅसवर चालणारं केंद्र उभं केलं, ते वाढत वाढत ६७२ मेगावॅटचं झालं. गॅस जाळून जी गरम हवा बाहेर पडते तिच्यावर पुन्हा वाफ करून आणखी वीज काढायची, अशी त्याची रचना. कोळशापेक्षा प्रदूषण निम्म्याच्या आसपास, राख शून्य. पण गॅस मर्यादित, आणि मागणारे अनेक. खत कारखान्यांना गॅस, शहरांना गॅस. पुरवठा कमी पडत गेला आणि जनित्रं पूर्ण क्षमतेने चालेनाशी झाली. मशिन तयार, इंधन नाही. हाही एक धडाच.

याच उरण तालुक्यात घारापुरी आहे. लेण्या बघायला जगभरचे लोक येतात. समोर ट्रॉम्बेचं केंद्र, मागे उरण. दोन्हीकडे रात्रभर दिवे. आणि बेटावरच्या तीन गावांना संध्याकाळी काही तास डिझेलच्या जनरेटरची वीज! समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीला वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. पॉवर सिस्टिमचा पेपर लिहून आलो होतो आणि ही बातमी वाचली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिसरा नकार मात्र सरकारचाही नाही आणि कंपनीचाही नाही. तो आमच्या खारेपाटाचा.

२००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं आठवतात? मुंबई सोडून सगळ्या महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. त्याच काळात अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडच्या पट्ट्यात आयात कोळशावर चालणारं १६०० मेगावॅटचं केंद्र प्रस्तावित झालं. कंपनी टाटाच. म्हणजे जिने शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात कोळशाला पर्याय आणला, तीच आता इथे कोळसा आणणार होती. त्यात खलनायक शोधायची गरज नाही. मागणी होती, आणि तेव्हा मोठी केंद्रं म्हणजे कोळसाच असं सगळ्या देशाने ठरवलं होतं.

मी तेव्हा शाळेत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी, रात्री कंदिलाच्या उजेडात जेवताना मी मामाला म्हटलं होतं, "मामा, वीज नाही म्हणून ओरडता, आणि वीज बनवणारे आले तर त्यांनाही नाही म्हणता!" मामा तेव्हा काही बोलला नाही. सकाळी उठवून मला बांधावर घेऊन गेला.

खारेपाट म्हणजे काय ते बांधावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एका बाजूला खाडी, भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच. दुसऱ्या बाजूला भातशेती. मध्ये फक्त मातीचा बांध आणि त्यात उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झडप. बांधाला खांड गेली की खारं पाणी आत आणि मग काही वर्षं जमीन नापीक. हे बांध पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी घातलेत. भात झालं की तळ्यातला जिताडा, खाडीतली मासळी. मामा म्हणाला, "सरकारच्या कागदावर ही नापीक खारजमीन आहे. तू सांग, तुला कुठे नापीक दिसते?" आणि हा तोच परिसर, जिथे १९३३ ते १९३९ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायला नकार दिला होता. सहा वर्षं संप! जमिनीसाठी थांबणं इथल्या लोकांना नवीन नव्हतं.

श्रमिक मुक्ती दलाबरोबर लोक उभे राहिले. मोर्चे, सुनावण्या, निवेदनं, आणि आम्ही काय पिकवतो याचा स्वतःच मांडलेला हिशोब. वर्षं गेली. प्रकल्प कागदावरच राहिला. पुढे सोलर स्वस्त होत गेलं आणि आयात कोळसा महाग. आज मागे वळून बघताना वाटतं, की त्या कंदिलाखाली मी चुकीचा होतो. मामा विजेच्या विरोधात कधीच नव्हता. नाहीतर आज त्याच्या गच्चीवर पॅनल नसते.

आता त्याच्या प्रश्नाकडे. रात्री काय?

उत्तर पुन्हा घाटाकडेच आहे. दिवसा सोलरची वीज जास्त झाली की तिने खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि संध्याकाळी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडायचं. याला उदंचन म्हणतात. चार युनिट घालून साधारण तीन परत मिळतात. म्हणजे डोंगराएवढी बॅटरीच. भिऱ्याला असा १५० मेगावॅटचा संच नव्वदच्या दशकापासून आहे. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन मोठ्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. पुणे जिल्ह्यात शिरवट्याला १८०० मेगावॅट, आणि आपल्या भिवपुरीला १००० मेगावॅट. शंभर वर्षांपूर्वी शोधलेली तीच उंची, तोच पाऊस.

इंजिनिअर म्हणून मला हे प्रचंड आवडतं, खोटं कशाला बोलू. सोलरला रात्रीचा जोडीदार मिळाल्याशिवाय कोळशाचा सर्व्हर बंद होणारच नाही. पण आता मी फक्त मेगावॅट मोजत नाही. जमीन कोणाची, कागदावर तिला काय म्हटलंय, कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर आहे का, आणि नवी वीज आल्यावर जुनी कोळशाची जनित्रं खरंच किती बंद होणार, हे चार रकाने त्याच तक्त्यात पाहिजेत. हे रकाने १९२१ मध्ये नव्हते. शहापूर-धेरंडमध्ये ते लोकांनी स्वतः भरले. भिवपुरीला ते सुरुवातीलाच भरले जायला हवेत.

हे सगळं मी काल मामाला फोनवर सांगितलं. उदंचन त्याला दोन मिनिटांत समजलं. भरतीचं पाणी अडवून ओहोटीला सोडणाऱ्या माणसाला त्यात अवघड काय असणार? सगळं ऐकून म्हणाला, "चांगलं आहे की. फक्त वरच्यांना आधी विचारा म्हणावं."

वरच्यांना म्हणजे मंत्रालयात नव्हे, घाटावरच्या लोकांना.