दिसायला कापडी

2015 च्या आसपासची गोष्ट. नरसोबाच्या वाडीला दर्शन झालं की पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय आमचा पाय निघत नाही. दुकानदाराने बर्फी एका हिरव्या पिशवीत घालून दिली. हाताला कापडासारखी लागणारी, पण वीण कुठेच नाही. आई म्हणाली, "कापडी आहे, धुऊन ठेवते." मी म्हटलं, "नाही गं, प्लास्टिक आहे." कोण बरोबर, यावर सरकार आणि व्यापारी किती वर्षं भांडलेत हे मला नंतर कळलं.

परदेशातून माल आला की कस्टम्सवाले आधी त्याचं नाव ठरवतात आणि मग कर. त्यासाठी 1988 पासून बहुतेक जग एकच आकड्यांची यादी वापरतं. माल भरायची कापडी पोती-पिशवी 6305 मध्ये, खांद्याला लावायची किंवा बाजारात न्यायची 4202 मध्ये आणि प्लास्टिकची 3923 मध्ये. आपला जीएसटीही हेच आकडे वापरतो.

ही नावांची भांडणं जुनीच. 1894 साली इंग्रज सरकारने विलायती कापडावर 5 टक्के आयातकर बसवला आणि लँकेशायर नाराज होऊ नये म्हणून इथल्या गिरण्यांच्या 20 नंबरपेक्षा बारीक सुतावरही तेवढाच कर लावला. जाड सूत सुटलं, बारीक अडकलं! तरी लँकेशायरचं समाधान होईना. 1896 मध्ये सूत मोकळं करून विलायती आणि देशी गिरणीच्या कापडावर सरसकट साडेतीन टक्के कर आला. टिळकांनी तेव्हा विलायती कापडावर बहिष्कार घालायला सांगितलं. देशी कापडावरचा तो कर जायला 1926 साल उजाडलं.

आता पुन्हा पिशवीकडे. शिरोळ तालुका उसाचा, त्यामुळे प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली पांढरी पोती इथे घरोघरी. पट्टी 5 मिलिमीटरपर्यंत रुंद असेल तर वस्त्र, त्याहून रुंद असेल तर प्लास्टिक, असा यादीतला नियम. पण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 1990 च्या सुमारास अशा पट्ट्या प्लास्टिकच ठरवल्या. वाडीतल्या त्या हिरव्या पिशवीला तर पट्ट्याही नसतात. प्लास्टिकचे दाणे वितळवून काढलेले तंतू पसरतात आणि उष्णतेने दाबून चिकटवतात.

जीएसटी आल्यावर भांडण तापलं, कारण हजार रुपयांपर्यंतच्या कापडी पिशवीला 5 टक्के आणि प्लास्टिकच्या पिशवीला 18. शंभराच्या मालामागे 13 रुपयांचा फरक. छोट्या कारखानदाराचा सगळा नफा त्यातच असतो. 31 डिसेंबर 2018 च्या परिपत्रकाने प्लास्टिकच म्हणून सांगितलं. 2019 च्या ऑक्टोबरात 12 टक्के झाले आणि जानेवारी 2020 पासून पुन्हा 18. गंमत म्हणजे शेवटी सरकारनेच '3923 किंवा 6305' असे दोन्ही आकडे एका ओळीत लिहून एकच दर लावला. नाव काहीही ठेवा, पैसे तेवढेच!

महाराष्ट्राने मात्र मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीत या पिशव्याही धरल्या होत्या. कापडी म्हणून विकलेली वस्तू इथे प्लास्टिक म्हणून बंद झाली. सुती पिशव्या शिवणाऱ्यांना एवढा आधार तरी मिळाला.

असो. आईने ती पिशवी खरंच धुऊन ठेवली होती. दोन वर्षांनी घडीवरच तिचा चुरा झाला. तिच्या शेजारची आजीची सुती पिशवी अजून भाजी आणते.