जामीन

अरबी ‘ज़ामिन’ म्हणजे दुसऱ्याची हमी घेणारा माणूस. फारसीमार्गे हा शब्द मराठीत आला. ‘मी त्याला जामीन राहतो’ यात तोच अर्थ आहे. पुढे शब्द सुटकेलाच चिकटला आणि माणसासाठी ‘जामीनदार’ घडवावा लागला. कोर्टात आता शब्दापेक्षा ऐपत बघतात: सातबारा, पगारपत्रक, नाहीतर रोख.

1978 च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला. भाऊ पुढे आला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडवले. (इथली ‘जात’ म्हणजे अरबी ‘ज़ात’, स्वतः.)

अटकेपासून आठवड्यात जामीनदार न मिळाल्यास आरोपीला निर्धन मानावे, ही फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात 2005 च्या दुरुस्तीने आलेली तरतूद जामीनपात्र गुन्ह्यांपुरतीच आहे. जामीन मंजूर झालेल्या प्रत्येक कच्च्या कैद्याला ती लागू करा.